तांड्यात मराठी बोलायची नाही

मला लमाणी बोली येते. समजते एवढंच नाही, येते. माझी पहिली भाषा तीच. एका श्रावणात, तुळजापूर तालुक्यातल्या एका तांड्यावर, एक म्हातारी माझ्या घरमालकांशी त्या बोलीत बराच वेळ बोलत होती. तिचा शब्द न् शब्द मला कळत होता. त्यांना जेमतेम चार-दोन शब्द कळले असतील. परतीच्या वाटेवर त्यांनी मला विचारलं, "तुला काय समजलं का रे?" मी म्हणालो, "नाही चाचा."

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

आमचे चाचा उर्दू शाळेत हेडमास्तर होते. मी त्यांच्या घरात राहायला गेलो तेव्हा ते निवृत्त झालेले होते आणि उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवात, त्यांच्या पाठीमागे लोक त्यांना 'उंबरा गुरुजी' म्हणायचे. कारण असं की त्यांच्या घरात प्रत्येक भाषेची जागा ठरलेली होती. उंबऱ्याच्या आत दखनी. बाहेर ओट्यावर मराठी. यात कधी सरमिसळ नाही. मी ओट्यावर उभा असलो तर, "काय मास्तर, सुटली का शाळा?" आणि पाय आत टाकला की त्याच दमात, "बैठो बेटा, चाय पीके जाव."

"भाषेला जागा लागते," असं ते म्हणत. "जागा न्हाय दिली की उठून जाते. मग बोंबलत बसा."

एकदा माझ्या खोलीत साप निघाला. मी धावत त्यांच्या दारात गेलो. माझा एक पाय आत, एक बाहेर. चाचा आरामखुर्चीतून माझ्याकडे बघत राहिले. बोलेचनात. शेवटी हातानं खूण केली, आत ये नाहीतर बाहेर जा. चाची आतून ओरडल्या, "अजी, साप कू कौनसी जबान में भगाना, वो भी पूछ लेव उसकू!" साप तोवर मोरीतून निघून गेला होता.

माणूस विक्षिप्त होता, पण त्यांच्या विक्षिप्तपणाचा कुणाला त्रास नव्हता. पावसाळ्यात ते ओट्यावर झोपायचे. छत्री घरातसुद्धा जवळ ठेवायचे. पाऊस सुरू झाला की हातातलं काम टाकून उठायचे आणि तो थांबेपर्यंत उभेच राहायचे, कुणीतरी मोठं माणूस घरात आल्यासारखे. चाची म्हणायच्या, "पानी पडा के इनका दिमाग भीगताय."

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता.

"गाव कुठलं?"

"माकणी."

"म्हंजे धरणाकडचा."

"व्हय."

खोटं नव्हतं. माकणीच्याच शिवारात, गावापासून जरा लांब, आमचा तांडा. तेवढं सांगितलं नाही. आधीच्या गावी सांगितलं होतं, तर घरमालकिणीनं दुसऱ्या दिवशी माझी भांडी दाराबाहेर मांडून ठेवली होती. घासूनपुसून. ती चकचकीत भांडी मला अजून दिसतात. तेव्हापासून मी तांडा हा शब्दच गिळून टाकला. खासगी शाळेत नोकरी, आडनाव असं की कुठंही खपावं. मराठी तर माझी अशी, की शाळेतले लोक मला भाषणं लिहायला सांगायचे. मी ती आनंदानं लिहायचो.

आई तांड्यावरून भेटायला यायची. ती अखेरपर्यंत आरशांचा फेटिया आणि कांचळी, म्हणजे आमचा घागरा-चोळी, घालायची. मी तिला घरी आणलं नाही कधी. बसस्टँडवर भेटायचो, रसवंतीच्या मागच्या बाकड्यावर. ती फडक्यातली बाटी काढायची, आमच्यात भाकरीला बाटी म्हणतात, आणि मी भराभरा खाऊन तिला परतीच्या गाडीत बसवायचो. "तुझं घर लांब आहे का रे?" ती विचारायची. घर स्टँडपासून हाकेच्या अंतरावर होतं.

मी राहायला गेलो त्याच वर्षी, पाऊस लागल्यावर, एका सकाळी खिडकीतून मला तो आवाज ऐकू आला. ओट्याला तीन पायऱ्या होत्या. चाचा सगळ्यांत खालच्या पायरीवर छत्री उघडून उभे होते आणि कुणाशी नाही, नुसत्या पावसाशी बोलत होते. गोरमाटीत, म्हणजे लमाणीत. आमच्या बोलीत.

"याडी, भूक. याडी, बाटी."

आई, भूक. आई, भाकर. तो हेल माझ्या आजीचा होता. शहरात जाऊन आलेल्या आमच्या पोरांच्या तोंडी तो राहिलेला नव्हता. मी खिडकीकडे गेलो. खाली जाऊन त्यांच्यासमोर उभं राहायचं आणि उत्तर द्यायचं, एवढंच करायचं होतं. मी खिडकी लावून घेतली.

चाचींना मी वरवर विचारलं, चाचा काय बोलतायत म्हणून.

"तांडे की बोली. नीचे की सीढ़ी उसकी. बरसात आई के बुड्ढे कू याद आती. अब जाएंगे हर इतवार, ये तांडा, वो तांडा. तू जा बेटा साथ में. घुटना धोका देताय उनका."

म्हणून मी जायला लागलो. पावसाळ्यातले रविवार. खाकी पिशवीत गुळाची ढेप, दोन भाकरी, लसणाची चटणी. एसटीनं कुठल्यातरी फाट्यावर उतरायचं आणि काळ्या चिखलातून चालायचं. दोन्ही बाजूंना सोयाबीन, उडीद, अंगावर झिमझिम. चपला हातात. तांड्याची पहिली झोपडी दिसली की ते थांबत आणि मला नियम सांगत. दर वेळी नव्यानं.

"आतमधी मराठी बंद. मी बी न्हाय बोलणार, तू बी न्हाय. समजलं न्हाय तर मान हलवायची, हसायचं. लेकरू कसं शिकतं? विचारत बसतं का, ह्याचा अर्थ काय, त्याचा अर्थ काय?"

"आणि मला तर काहीच येत नाही चाचा."

"मग तुझं सोपं हाय. गप बस."

पहिल्या खेपेला येरमाळ्याकडच्या एका तांड्यावर गेलो. नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, दारात माणसं जमली. चाचा खाटेवर बसले, टोपी सारखी केली आणि सुरू झाले. उच्चार एकदम अस्सल. माणसं चकित झाली. मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात यायला लागलं. साठी उलटलेला हा दाढीवाला माणूस म्हणत होता, भूक लागली. मला उचल. कुत्रं आलं. झोप आली. मला पण ने. त्यापुढं त्यांना येतच नव्हतं. चार वर्षांच्या पोराला जेवढं येतं, तेवढंच.

नायक हसून हसून खोकायला लागला. मराठीत म्हणाला, "गुरुजी, तुमाला आनखी दूध पाजावं लागतंय!" बाया तोंडाला पदर लावून आत पळाल्या. चाचाही हसले. मान हलवली. हा त्यांचा नियमच. मीही हसलो, आणि माझ्या हसण्याची आजही मला लाज वाटते, कारण मला सगळं कळून मी न कळलेल्या माणसासारखा हसत होतो.

परत येताना फाट्यावरच्या पत्र्याखाली गाडीची वाट बघत आम्ही उभे होतो. तिथं त्यांनी मला सांगितलं. इतक्या वर्षांत चाचींखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं, असं म्हणाले.

निजामाची सत्ता गेली तो पावसाळा. गावोगावी माणसं मारली गेली होती, आधी एका बाजूची, मग दुसऱ्या बाजूची. त्यावर आमच्या जिल्ह्यात अजून कुणी मोठ्यानं बोलत नाही. चाचांचे वडील त्यात गेले. चाचा चार-पाच वर्षांचे. आईच्या कडेवर कुठल्याशा तांड्यावर पोचले, एवढं आठवत होतं. पाऊस, चिखल, मग एक वेगळी मांडी आणि वेगळी भाषा. तांड्यानं त्यांना लपवलं. त्यांचं नाव बदलून सोमला ठेवलं. महिने गेले. मग कुणीतरी त्यांना उस्मानाबादेत मामाच्या दारात आणून सोडलं.

"आणि तुमची आई?"

ते पावसाकडे बघत म्हणाले, "मामू सांगायचा. तुला टाकून हैदराबादेला गेली म्हणून. दुसरं घर केलं." आणि लगेच, "गाडी बघ रे, आली का."

मामांनी ते कुठून ऐकलं होतं, देव जाणे. कदाचित त्यांनाही खरंच वाटत असेल. पण एक माणूस साठ वर्षं तेच उराशी धरून जगला. चाचा आपल्या तोंडानं 'अम्मी' कधी म्हणत नसत. चाचींनी सहज "माँ की कसम" म्हटलं तरी ताटावरून उठत. ते आईला शोधत नव्हते. तो तांडा शोधत होते. तांड्याचं नाव ठाऊक नव्हतं, म्हणून जिल्ह्यातले सगळे तांडे एकेक करून. आणि कुणी विचारलंच तर सांगायचं, "भाषा बोलायला येतो. बाकी काय न्हाय."

त्या पत्र्याखाली मी सांगायला हवं होतं. चाचा, मी शिकवतो तुम्हाला. मोठ्या माणसाची बोली शिकवतो. तोंडापर्यंत आलंही. पण मग ते विचारतील, इतके दिवस का लपवलंस? गाडी आली. आम्ही बसलो.

असे चार-पाच पावसाळे गेले.

त्या श्रावणात आम्ही नळदुर्ग रस्त्याला उतरलो. तांडा डोंगराच्या कडेला होता. त्या दिवशी तीज बुडवायची होती. आमच्या पोरी श्रावणात टोपल्यांत गहू पेरतात, त्याभोवती गाणी म्हणतात, आणि शेवटच्या दिवशी हिरव्यागार झालेल्या टोपल्या डोक्यावर घेऊन पाण्याला जातात. सगळा तांडा ओढ्याकडे गेला होता. गाणं पावसातून तुटक तुटक ऐकू येत होतं. मला ते पाठ होतं.

एका पडवीत बाजेवर एक म्हातारी एकटी बसली होती. पाय चालत नव्हते म्हणून राहिलेली. चाचा पुढं झाले, गुळाची ढेप तिच्या पायाशी ठेवली आणि दर ठिकाणी म्हणायचे तेच म्हणाले. मी सोमला. याडी, भूक.

म्हातारी हसली नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि त्या नावानं अशी हाक मारली, की चाचा तिच्या पायाशीच बसले.

ज्या घरानं चाचांना लपवलं, त्या घरातली ती तेव्हाची पोर होती. दहाएक वर्षांची. तिनंच त्यांना कडेवर वागवलं होतं. सोमला हे तिच्या मेलेल्या भावाचं नाव.

मग ती बोलत सुटली. हा आपल्या बोलीत बोलला, तेही घरातल्या लेकरासारखं, म्हणजे याला सगळं कळतं, असंच तिनं धरलं. तिला बाजारापुरती मराठी येत असणार. पण घरी आलेल्या भावाशी कुणी बाजारातल्या भाषेत बोलतं का? आणि चाचांनी आपला नियम पाळला. न समजलेल्या प्रत्येक वाक्याला मान हलवली आणि हसले. हाव, याडी. हाव. होय, आई. होय.

ती काय म्हणाली, ते इथं लिहितो. मराठीत. त्या दिवशी हे मी बोलायला हवं होतं.

ती म्हणाली: तुझी आई तुला घेऊन आली तेव्हा असाच पाऊस होता. तिच्या पायाला मोठी जखम होती, अंगात ताप. माझ्या आईनं तिची साडी जाळली आणि तिला आपला फेटिया नेसवला, कुणी आलं तर ओळखू नये म्हणून. माणसं आली. बाप दारात उभा राहिला, म्हणाला, आत माझी लेक आजारी आहे. ते गेले. पण ताप गेला नाही. शेवटी ती तुला मागत होती. पोराला आण, पोराला आण. तू नुकताच झोपला होतास, रडून रडून. मी तुला उठवलं नाही. मला वाटलं, सकाळी देईन. सकाळी ती नव्हती. ते माझ्याकडनं चुकलं, सोमला. आयुष्यभर तेच डोक्यात आहे. मला माफ कर.

"हाव," चाचा हसून म्हणाले. "हाव, याडी."

म्हातारी रडायला लागली. त्यांच्या टोपीवरून हात फिरवायला लागली. मग म्हणाली: आमच्यात जाळतात. पण बाप म्हणाला, त्यांच्यात पुरतात, आपण पुरायचं. डोकं कुठल्या अंगाला करायचं ते ठाऊक नव्हतं, चुकलं असेल तर तेही पोटात घाल. ती बघ, तिथं, चिंचेखाली. दर दिवाळीला आमच्या पोरी दिवे घेऊन फिरतात, तेव्हा एक तिच्याजवळ ठेवतात. तिनं हात लांब करून दाखवलं. चाचांनी तिकडं बघितलं. त्यांना वाटलं, ती पाऊस दाखवतेय. "हाव," ते म्हणाले, आणि पावसाकडे बघून मान हलवली.

म्हातारीची नजर माझ्याकडे वळली. माझ्या डोळ्यांत काय होतं ते मला माहीत नाही, पण तिनं ते बघितलं. "तुला कळतंय ना?" ती मला आमच्या बोलीत म्हणाली.

मी खाली बघितलं. पायाच्या बोटांत चिखल वाळत होता.

बाहेर पडताना चाचा पंचविशीच्या माणसासारखे चालत होते. गुडघा विसरले होते. पहिल्या झोपडीच्या पुढं आल्यावर त्यांनी मराठीला सुरुवात केली. "सापडला रे! माझा तांडा सापडला! माझं नाव घेतलं तिनं, बघितलंस न्हवं?"

"बघितलं चाचा."

थोडं चालून ते थांबले. "ती रडत का होती? तुला काय समजलं का रे?"

"नाही चाचा. म्हातारं माणूस. तुम्हाला बघून भरून आलं असेल."

"हौ," ते म्हणाले. बाहेर असूनही त्यांच्या तोंडून दखनी निघाली. "हौ, वहीच."

पुढच्या पावसाळ्याला त्यांचा गुडघा साफ गेला. तांड्यावर परत जाणं झालं नाही. त्या दिवसावर मात्र ते फार खूष होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, माझं माहेर सापडलं. माझं लग्न ठरलं तेव्हा मी खोली सोडली, पण जात-येत राहिलो. सांगायची संधी नव्हती, असं मला म्हणता येत नाही. सुरुवातीला माझी जात उघडी पडेल ही भीती होती. नंतर ती राहिली नाही. आई गेल्यावर मी शाळेत सांगून टाकलं, कुणाला काही वाटलं नाही. मग भीती वेगळीच उरली. ते सांगायचं, तर हेही सांगावं लागणार होतं की मी तिथं बसलो होतो.

चाची गेल्या त्या वर्षी, शब-ए-बरातच्या, म्हणजे मेलेल्यांसाठी दुआ मागायच्या दिवशी, चाचा म्हणाले, कब्रस्तानात ने. दुपारी गेलो. मी पाण्याचा तांब्या धरून उभा. त्यांनी चाचींच्या नावानं फातिहा पढली, मामांच्या नावानं, वडिलांच्या नावानं. मग थांबले.

"तिच्या नावानं पढत न्हाय," ते म्हणाले. "कुठं हाय, मेली का जिती, कुणी सांगावं. पण एक हाय बघ. जिनं मला टाकलं, तिला मी कधी वाईट बोललो न्हाय. कुणापुढं न्हाय. एवढं तरी केलं मी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी ऐकायची वाट बघितल्यासारखं. तिथं आम्ही दोघंच होतो.

मी म्हणालो, "ऊन लई झालंय चाचा. चला."

ते पुढच्या पावसाळ्याआधी गेले.

गेल्या श्रावणात मी एकटा त्या तांड्यावर गेलो. म्हातारी राहिली नव्हती. तिची सून दारात होती. मी तिच्याशी आमच्या बोलीत बोललो. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच. जीभ अडखळत होती. "कुणाचा तू?" तिनं विचारलं. मी तांडा सांगितला, बापाचं नाव सांगितलं. "मग इतके दिवस कुठं होतास?" असं म्हणून ती पुढं चालायला लागली. चिंचेखाली दगड होते. चुना लावलेले. या पावसातही पांढरे. "दर साली लावतो," ती म्हणाली. "सासू सांगून गेली. हिचा लेक एकदा आला होता, पण इथवर आला नाही. का आला नाही, ते सासूला कळलं नाही."



चाचांची मुलगी, मी राहायला जायच्या आधीच लग्न होऊन गेलेली, सोलापूरला असते. ईदेला फोन करते. शीरखुर्म्याला या म्हणते. मी जात नाही.

चाचांना आता काही सांगता येणार नाही. मुलीला सांगता येईल. तिच्या आजीनं कुणाला टाकलं नव्हतं. शेवटच्या श्वासापर्यंत ती पोराला मागत होती. मुलीला त्या चिंचेपाशी न्यायचं आहे. त्या दुपारी हे सगळं समजून मी गप्प बसलो, आणि पुढंही तिच्या बापाला ते समजू दिलं नाही, हेही सांगायचं आहे. हे मी अजून केलेलं नाही. ते माझ्यावरचं देणं आहे.